सिएरा नेवाडातल्या दोन माश्या वेगळ्या कशा ओळखायच्या

कॅलिफोर्नियातील सिएरा नेवाडा पर्वताच्या पश्चिम उतारावर, पाँडेरोसा पाइन आणि ब्लॅक ओक यांच्या मिश्र जंगलात, उन्हाळ्यात यीस्ट घालून आंबवलेले केळे सावलीत ठेवले, की सकाळी ऊन चढण्यापूर्वी आणि संध्याकाळी ऊन कलल्यानंतर त्यावर लहान, काळपट तपकिरी माश्या जमू लागतात. जेमतेम दोन-तीन मिलिमीटर लांबीच्या या माश्यांत बहुधा दोन प्रजातींची सरमिसळ असते : ड्रोसोफिला स्यूडोऑब्स्क्युरा आणि ड्रोसोफिला पर्सिमिलिस. या दोघींची वाट सुमारे पाच लाख वर्षांपूर्वी वेगळी झाली असावी, असा अंदाज आहे. त्या एकाच झाडाखाली उडतात, एकाच आमिषावर येतात आणि रानात एकमेकींशी जवळजवळ कधीच संकर करत नाहीत. तरीही रानातून पकडलेली एखादी मादी मायक्रोस्कोपखाली ठेवून, केवळ पाहून, ती या दोघींपैकी कोणती हे खात्रीने सांगणे जाणकारांनाही साधत नाही.

मी इथल्या एका विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत माश्यांचे वाण सांभाळण्याचे काम करते. ओळखीचे लोक मला अधूनमधून माश्यांचे फोटो पाठवतात आणि ‘ही कोणती?’ असे विचारतात. माझे उत्तर बहुतेक वेळा त्यांना समाधान देत नाही, कारण मी फार तर प्रजातींच्या गटाचे नाव सांगते आणि पुढे त्यांनाच विचारते : माशी जिवंत आहे का, नर आहे की मादी, आणि तिची पिल्लावळ वाढवायची तुमची तयारी आहे का? हे टाळाटाळीचे उत्तर नाही. एकमेकींना अगदी जवळच्या प्रजातींच्या बाबतीत नाव हे माशीच्या अंगावर लिहिलेले नसते. ते पुराव्याने सिद्ध करावे लागते, आणि कोणत्या पुराव्याने सिद्ध केले हे नावाइतकेच महत्त्वाचे असते. हा लेख त्या पुराव्यांबद्दल आहे.

एक खुलासा आधीच करते. कोकणातल्या आंब्यात अळ्या घालणारी फळमाशी ती ही नव्हे. ती बॅक्ट्रोसेरा, वेगळ्या कुळातली आणि चांगली दणकट माशी. इथे विषय आहे तो पिकून उतरलेल्या केळ्यांवर घोंघावणाऱ्या चिलटांच्या कुळाचा, आणि त्यातही डोंगराळ, थंड हवेत राहणाऱ्या शाखेचा.

साध्या डोळ्यांनी आणि साध्या मायक्रोस्कोपने जे दिसते ते अगदीच टाकाऊ नाही. प्रयोगशाळांत सर्वत्र असणारी ड्रोसोफिला मेलानोगास्टर पिवळसर असते. या दोघी ज्यात मोडतात त्या ऑब्स्क्युरा गटातल्या माश्या तिच्या शेजारी ठेवल्या तर त्यांचा काळपटपणा लगेच कळतो. नर असेल तर आणखी एक खूण मिळते. मेलानोगास्टरच्या नराच्या पुढच्या पायावर, पावलाच्या पहिल्या सांध्यावर, जाड काळ्या दातांचा एक कंगवा असतो. ऑब्स्क्युरा गटातल्या नराला पहिल्या आणि दुसऱ्या अशा दोन सांध्यांवर दोन कंगवे असतात. एवढ्यावरून गट निश्चित होतो. पण त्याच आमिषावर गटातली तिसरी, ड्रोसोफिला मिरांडा, येऊ शकते, जवळच्या उपगटातली अ‍ॅझ्टेका येते, आणि गेल्या काही दशकांत युरोपातून आलेल्या सबऑब्स्क्युराची भर पडली आहे. ही सबऑब्स्क्युरा १९७८ मध्ये चिलीतील पुएर्तो माँट इथे आणि १९८२ मध्ये वॉशिंग्टन राज्यात पोर्ट टाउनसेंड इथे प्रथम आढळली आणि किनाऱ्याने भराभर पसरली. जुन्या नोंदी वाचताना ही तारीख लक्षात ठेवावी लागते, कारण १९५० साली याच परिसरात ‘ऑब्स्क्युरा गटातली माशी’ म्हटल्यावर ज्या शक्यता होत्या त्यांत आज एकीची भर पडलेली आहे.

खुद्द स्यूडोऑब्स्क्युराचे नावही अशाच एका गल्लतीतून जन्माला आले. ऑब्स्क्युरा ही मूळची युरोपातली माशी, फालेन या स्वीडिश कीटकशास्त्रज्ञाने १८२३ मध्ये वर्णन केलेली. अमेरिकेच्या पश्चिम भागात सापडणाऱ्या माश्या तशाच दिसत असल्यामुळे कित्येक वर्षे त्यांनाही तेच नाव होते, आणि आनुवंशिकतेवरचे बरेचसे प्रारंभीचे प्रयोग याच चुकीच्या नावाखाली छापले गेले. १९२९ मध्ये रशियातील फ्रोलोवा आणि अस्ताउरोव यांनी रशियन व अमेरिकन माश्यांची गुणसूत्रे शेजारी ठेवून तपासली, तेव्हा दोघींचे गुणसूत्रसंच उघड उघड वेगळे निघाले. म्हणजे अमेरिकन माशीला स्वतंत्र नाव मिळाले ते पंख, केस किंवा रंग यांवरून नव्हे, तर पेशीच्या आतल्या पुराव्यावरून. पुढे जे घडले त्याची ही नांदी होती.

त्याच वर्षी डोनाल्ड लान्सफिल्ड यांनी दाखवून दिले, की अमेरिकन माश्याही एकजिनसी नाहीत. काही ठिकाणच्या माश्यांचा इतर ठिकाणच्या माश्यांशी संकर केला तर मुली प्रजननक्षम होत, पण मुलगे वंध्य निघत. एकाच ‘वंशा’तल्या माश्यांचा आपसांत संकर केला तर असे काही घडत नसे. लान्सफिल्ड यांनी या दोन वंशांना ए (आजची स्यूडोऑब्स्क्युरा) आणि बी (आजची पर्सिमिलिस) अशी नावे दिली. (सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेल्या वाचकांना लान्सफिल्ड हे नाव ओळखीचे वाटेल. स्ट्रेप्टोकॉकस जीवाणूंचे ए, बी, सी असे गट रक्तद्रवाच्या चाचणीने पाडण्याची पद्धत १९३३ मध्ये मांडणाऱ्या रिबेका लान्सफिल्ड या डोनाल्ड यांच्या पत्नी. पाहून न ओळखता येणाऱ्या जीवांना अक्षरांनी वेगळे करण्याचे काम एकाच घरात दोन टोकांना चालले होते, याची मला नेहमी मौज वाटते.)

वंश ए आणि वंश बी यांत दिसण्यातला फरक काहीच सापडला नव्हता. एखादी माशी ए की बी हे ठरवायचे, तर तिचा ज्ञात वंशाच्या माशीशी संकर करायचा, पुढची पिढी वाढू द्यायची आणि मग मुलगे वंध्य आहेत का ते तपासायचे. ही पद्धत अचूक आहे, पण या माश्या थंड हवेच्या. त्यांना अठरा ते वीस अंशांत ठेवावे लागते आणि अंड्यापासून प्रौढ माशी होण्यास तीन आठवड्यांच्या आसपास वेळ जातो. एका माशीच्या ओळखीसाठी एवढी वाट पाहायची, तर रानातून पकडलेल्या शेकडो माश्यांचा हिशेब लावणे अवघडच.

ही अडचण लाळग्रंथींतल्या गुणसूत्रांनी सोडवली. माश्यांच्या अळीच्या लाळग्रंथींत गुणसूत्रे पुन्हा पुन्हा दुप्पट होतात, पण त्यांचे धागे अलग होत नाहीत. त्यामुळे ती जाड दोरासारखी होतात आणि त्यांवर गडद-फिकट पट्ट्यांची रांग साध्या मायक्रोस्कोपखालीही स्पष्ट दिसते. महाराष्ट्रात प्राणिशास्त्राची पदवी घेतलेल्या अनेकांनी प्रात्यक्षिकाच्या तासाला कायरोनोमसची लाल अळी फोडून हीच गुणसूत्रे पाहिलेली असतील. टेक्सासमधील पेंटर यांनी १९३३ मध्ये ड्रोसोफिलात या पट्ट्यांचा उपयोग दाखवून दिला आणि दोनच वर्षांत, १९३५ मध्ये, आनुवंशिकीतज्ज्ञ थिओडोसियस डोब्झान्स्की यांच्याकडे कॅलिफोर्नियात शिकायला आलेले चिनी विद्यार्थी टान जियाझेन यांनी वंश ए आणि बी यांच्या पट्ट्यांची तुलना प्रसिद्ध केली. टान पुढे चीनमध्ये परतले आणि तिथल्या आनुवंशिकी संशोधनाचे आद्य आचार्य ठरले.

टान यांना दिसले ते असे : दोन्ही वंशांत पट्टे जवळजवळ तेच आहेत, पण काही ठिकाणी गुणसूत्राचा एक लांब तुकडा उलटा बसलेला आहे. माळेतले मणी तेच ठेवून मधला भाग उलट ओवावा तसे. या उलट्या तुकड्यांना इन्व्हर्जन म्हणतात. एक्स गुणसूत्राच्या डाव्या भुजेत आणि दुसऱ्या गुणसूत्रात असा एकेक फरक दोन्ही वंशांना कायमचा वेगळा करतो. एक्सच्या उजव्या भुजेतही फरक आहे, पण त्याला अपवाद आहेत. पर्सिमिलिसमध्ये जास्त मुली निपजवणारे एक विशिष्ट प्रकारचे एक्स गुणसूत्र आढळते आणि त्याच्या उजव्या भुजेची मांडणी स्यूडोऑब्स्क्युराच्या नेहमीच्या मांडणीशी जुळते. म्हणून मी ओळख ठरवताना उजव्या भुजेवर विसंबत नाही.

तिसरे गुणसूत्र हा नवशिक्यांना फसवणारा भाग आहे. ते बघायला सर्वांत आकर्षक, कारण त्यावर इन्व्हर्जनचे अनेक प्रकार आहेत आणि बऱ्याच प्रकारांना ठिकाणांची नावे दिलेली आहेत : पाइक्स पीक, चिरिकाव्हा, सांता क्रूझ, ट्री लाइन, आणि पर्सिमिलिसमध्ये क्लॅमथ, व्हिटनी, मेंडोसिनो. साहजिकच शिकाऊ माणसाची नजर आधी तिसऱ्या गुणसूत्रावर जाते. पण ‘स्टँडर्ड’ नावाचा एक प्रकार दोन्ही प्रजातींत सापडतो. स्टँडर्ड दिसला म्हणून स्यूडोऑब्स्क्युरा असा निष्कर्ष काढला तर तो बरोबर येईलही, पण तो योगायोग असेल. प्रजाती ठरवायची ती एक्सच्या डाव्या भुजेवरून आणि दुसऱ्या गुणसूत्रावरून; तिसरे गुणसूत्र त्यानंतर, लोकसंख्येचा अभ्यास करायचा असेल तर, वाचायचे.

प्रत्यक्ष काम असे चालते. आमिषावरून पकडलेली मादी बहुधा आधीच नराशी जुगलेली असते आणि तिच्या शरीरात शुक्राणू साठवलेले असतात. तिला मक्याचे पीठ, यीस्ट, काकवी आणि अगर यांचे खाद्य घातलेल्या नळीत एकटीच ठेवायचे. अळ्या पूर्ण वाढून खाद्य सोडून काचेवर चढू लागल्या, की त्यांतली चांगली जाडजूड अळी क्षारद्रावणाच्या थेंबात घ्यायची. एका सुईने शरीर दाबून धरायचे, दुसरी सुई तोंडाच्या काळ्या आकड्यांमागे टेकवून हलकेच ओढायची. लाळग्रंथींची पारदर्शक जोडी बाहेर येते, तिला चिकटलेली चरबीची पांढरी पट्टी काढून टाकायची. मग अ‍ॅसिटो-ऑर्सिन या रंगाच्या थेंबात ग्रंथी रंगू द्यायच्या, वर कव्हरस्लिप ठेवायची आणि टिपकागदाची घडी करून अंगठ्याने सरळ खाली दाबायचे. दाब कमी पडला तर भुजांची गुंतवळ सुटत नाही. कव्हरस्लिप किंचितही सरकली तर भुजा तुटतात. हा अंदाज पुस्तकातून येत नाही. नीट जमलेल्या काचपट्टीवर मधल्या गाठीतून पाच लांब भुजा बाहेर पसरलेल्या दिसतात : एक्सच्या दोन, आणि दुसऱ्या, तिसऱ्या व चौथ्या गुणसूत्राची प्रत्येकी एक, पाचवे गुणसूत्र ठिपक्याएवढे असते.

या पद्धतीचा मोठा गुण असा, की अळीत आईचे आणि बापाचे दोघांचे गुणसूत्र असते. आई स्यूडोऑब्स्क्युरा आणि बाप पर्सिमिलिस असेल, तर मादी अळीत एक्सच्या डाव्या भुजेत आणि दुसऱ्या गुणसूत्रात, जिथे दोघांची मांडणी उलटसुलट आहे तिथे, जोडी जुळवताना गुणसूत्राला वळसा घ्यावा लागतो आणि काचपट्टीवर फासासारखी गाठ दिसते. म्हणजे एका अळीतून मादीची ओळख पटते, तिने रानात कोणत्या नराशी संग केला हेही कळते. डोब्झान्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक वर्षे असंख्य काचपट्ट्या पाहिल्या, त्यात रानातल्या संकराची उदाहरणे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच निघाली. प्रयोगशाळेतल्या बंद नळीत पर्याय नसताना या माश्या संकर करतात; रानात मात्र त्या आपली माणसे बरोबर ओळखतात.

दिसण्यातला फरक शोधण्याचे प्रयत्न याच काळात चालू होते. केनेथ मॅथर आणि डोब्झान्स्की यांनी १९३९ मध्ये दोन्ही वंशांच्या माश्यांची मोजमापे घेतली : पंखांची आणि पायांची लांबी, कंगव्यांतल्या दातांची संख्या आणि असेच काही. सरासरीत फरक निघाला, आणि तो खरा होता. पण एका वंशातल्या माश्यांची मापे दुसऱ्या वंशाच्या मापांत इतकी मिसळलेली होती, की शंभर माश्यांचा ढीग कोणत्या वंशाचा हे सांगता यावे आणि त्यातल्या एका माशीबद्दल मात्र काही सांगता येऊ नये. त्यात आणखी गुंता असा, की थंड हवेत आणि भरपूर खाद्यावर वाढलेली माशी आकाराने मोठी होते, म्हणून मापांची तुलना करायची तर दोन्ही वाण एकाच तापमानात वाढवलेले असावे लागतात. रानातून आलेल्या माशीचे बालपण कसे गेले हे कोणाला ठाऊक? पंखांच्या फडफडीचा वेग मोजण्याचाही प्रयोग झाला. अखेर १९५१ मध्ये रिझ्की यांनी नरांच्या जननेंद्रियांच्या कठीण भागांत आकाराचा फरक दाखवून दिला आणि तेव्हापासून निदान नरांच्या बाबतीत शरीररचनेचा आधार मिळाला. तोही तयार नजरेला आणि दोन्ही प्रजातींचे खात्रीचे नमुने शेजारी ठेवूनच.

यातला क्रम मला फार बोलका वाटतो. १९४४ मध्ये डोब्झान्स्की आणि वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल एपलिंग यांनी वंश बी ला पर्सिमिलिस हे स्वतंत्र प्रजातीचे नाव दिले. म्हणजे आधी वंध्य मुलग्यांवरून वेगळेपण कळले, मग गुणसूत्रांवरून ते रोजच्या कामात ओळखता येऊ लागले, मग नाव मिळाले, आणि डोळ्यांना दिसणारी विश्वासार्ह खूण सर्वांत शेवटी सापडली, तीही कुठे बघायचे हे आधीच माहीत असल्यामुळे. संग्रहालयात टाचणीला टोचलेल्या माश्यांवरूनच प्रजाती ठरवायच्या असा आग्रह धरला असता, तर पर्सिमिलिस कदाचित अजून स्यूडोऑब्स्क्युराच्या डबीतच पडून राहिली असती. अशा दिसायला सारख्या पण प्रजननाने अलग असलेल्या जोड्यांना उत्क्रांतीशास्त्रज्ञ एर्न्स्ट मायर यांनी १९४२ मध्ये ‘सिब्लिंग’ म्हणजे सहोदर प्रजाती म्हटले.

उंची आणि अधिवास यांचा आधार घ्यावा का, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. स्यूडोऑब्स्क्युराचा प्रदेश मोठा आहे : ब्रिटिश कोलंबियापासून ग्वातेमालापर्यंत, कोरड्या आणि उबदार जागांतही ती राहते. पर्सिमिलिस प्रशांत किनाऱ्याजवळच्या पट्ट्यात आणि सिएरा नेवाडात, तुलनेने थंड, दमट आणि उंच जागी आढळते. जिथे दोघी राहतात तिथे पर्सिमिलिस सकाळी अधिक आणि स्यूडोऑब्स्क्युरा संध्याकाळी अधिक वावरते. या साऱ्याचा पक्का अभ्यास योसेमिटी राष्ट्रीय उद्यानाच्या शिवेजवळ, १,४०० मीटर उंचीवरच्या मॅथर इथे झाला. तिथे वनस्पतिशास्त्रज्ञ क्लाउसन, केक आणि हिसी यांचे, एकच रोप वेगवेगळ्या उंचीवर लावून पाहण्याचे कार्नेगी संस्थेचे केंद्र होते आणि डोब्झान्स्की उन्हाळ्यात तिथे मुक्काम ठोकत. (या ठिकाणाचे नाव राष्ट्रीय उद्यान सेवेचे पहिले संचालक स्टीफन मॅथर यांच्यावरून आहे, वर आलेल्या केनेथ मॅथर यांचा त्याच्याशी संबंध नाही.) डोब्झान्स्की यांनी ८५० फुटांवरच्या जॅक्सनव्हिलपासून १०,००० फुटांपर्यंत एका रेषेत ठिकठिकाणी माश्या पकडल्या आणि दाखवून दिले, की स्यूडोऑब्स्क्युराच्या तिसऱ्या गुणसूत्राचा स्टँडर्ड प्रकार उंचीबरोबर कमी होत जातो आणि अ‍ॅरोहेड प्रकार वाढत जातो. त्यातले जॅक्सनव्हिल आता डॉन पेड्रो धरणाच्या पाण्याखाली आहे, त्यामुळे ती रेषा तळापासून पुन्हा कोणाला काढता यायची नाही.

पण उंचीवरून ओळख ठरवणे मला मान्य नाही, आणि याबाबतीत माझे काही सहकाऱ्यांशी मतभेद आहेत. ‘इतक्या उंचीवर पर्सिमिलिसच असणार’ असे म्हणून नमुन्यावर नाव लिहिले, आणि पुढे कोणी त्याच नमुन्यांवरून ‘पर्सिमिलिस इतक्या उंचीवर आढळते’ असा नकाशा काढला, तर तो नकाशा माश्यांचा नसून आपल्या गृहीतकाचा असतो. मॅथरला एकाच ओकच्या बुंध्यातून पाझरणाऱ्या आंबूस रसात दोन्ही प्रजातींच्या अळ्या वाढतात, हे हॅम्प्टन कार्सन यांनी १९५१ मध्ये नोंदवले आहे. ठिकाण ही शक्यता सांगते. शक्यतेला पुरावा म्हणून लेबलवर जागा देऊ नये.

माश्या स्वतः एकमेकींना कशा ओळखतात, हे पाहिले तर आपल्या खुणा किती बाहेरच्या आहेत ते लक्षात येते. नर मादीच्या मागे लागताना एक पंख पसरून थरथरवतो आणि त्यातून सूर निघतो. आपल्या कानांना तो ऐकू येत नाही, पण माइकने टिपता येतो. इंग्रिड वॉल्ड्रन यांनी १९६४ मध्ये या दोन प्रजातींचे सूर वेगळे असल्याचे दाखवले. स्यूडोऑब्स्क्युराच्या मुख्य सुरातले ठोके अधिक जलद आणि खालच्या पट्टीत असतात, पर्सिमिलिसचे ठोके विरळ आणि वरच्या पट्टीत. शिवाय त्वचेवरच्या मेणासारख्या द्रव्यांच्या प्रमाणातही फरक आहे, म्हणजे वासाची आणि चवीची साक्षही त्यांना मिळते. १९९५ मध्ये मोहम्मद नूर यांनी दाखवून दिले, की ज्या भागात दोन्ही प्रजाती एकत्र राहतात तिथल्या स्यूडोऑब्स्क्युरा माद्या परक्या नराला नाकारण्यात, पर्सिमिलिस नसलेल्या भागातल्या माद्यांपेक्षा, अधिक कडक असतात. चुकीच्या निवडीची किंमत वंध्य मुलग्यांच्या रूपाने मोजावी लागत असेल तर ओळखण्याची क्षमता धारदार होत जाणारच. संकरात मुलगे वंध्य आणि मुली ठीक, हा प्रकार फक्त या माश्यांपुरता नाही. ज्या लिंगाची दोन लिंगगुणसूत्रे वेगवेगळी असतात त्याला आधी फटका बसतो, हा नियम जे. बी. एस. हॉल्डेन यांनी १९२२ मध्ये मांडला होता. हे हॉल्डेन पुढे १९५७ मध्ये भारतात येऊन स्थायिक झाले आणि भुवनेश्वरला वारले.

आता डीएनए आहे, मग हा सगळा खटाटोप कशाला, असे कोणी म्हणेल. १९७२ मध्ये अयाला आणि पॉवेल यांनी विकरांच्या (एन्झाइमांच्या) विद्युत्‌चाळणीवरून (इलेक्ट्रोफोरेसिस) सहोदर प्रजाती ओळखण्याची पद्धत मांडली. स्यूडोऑब्स्क्युराचा संपूर्ण जीनोम २००५ मध्ये आणि पर्सिमिलिसचा २००७ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि आज एका माशीचा एक पाय पुरतो. पण कोणता जनुक वाचायचा हे ठरवावे लागते, आणि इथेच घाई नडते. कीटकांच्या ‘बारकोड’साठी, म्हणजे डीएनएच्या एका छोट्या तुकड्यावरून प्रजाती ओळखण्यासाठी, सर्रास वापरला जाणारा जनुक मायटोकाँड्रियातला आहे. १९८३ मध्येच पॉवेल यांनी दाखवले होते, की या दोन प्रजाती जिथे एकत्र राहतात तिथे त्यांचा मायटोकाँड्रियाचा डीएनए एकमेकींसारखा आहे. संकरित मुली प्रजननक्षम असल्यामुळे फार क्वचित घडणाऱ्या संकरातूनही आईकडून येणारा हा डीएनए एका प्रजातीतून दुसरीत शिरतो आणि टिकतो. म्हणून या जोडीसाठी बारकोडचा निकाल आला, की मी तो बाजूला ठेवते. विश्वासार्ह फरक सापडतात ते इन्व्हर्जनच्या आतल्या भागात, कारण संकरित मादीत तिथल्या तुकड्यांची अदलाबदल जवळजवळ होत नाही आणि प्रजातींची वैशिष्ट्ये तिथे शाबूत राहतात. जीनोमचा बाकीचा भाग बराच मिसळलेला असू शकतो. म्हणजे टान यांनी १९३५ मध्ये ज्या तुकड्यांवर बोट ठेवले, त्याच तुकड्यांकडे आजचे डीएनए परीक्षणही परत येते.

याच्या उलट बाजूचे उदाहरण वर उल्लेख केलेल्या आंब्याच्या फळमाशीचे आहे. आफ्रिकेत सापडलेल्या माशीला २००५ मध्ये बॅक्ट्रोसेरा इन्व्हेडेन्स असे स्वतंत्र नाव देण्यात आले होते. अंगावरच्या रंगांत फरक दिसत होता. पुढे संकराचे प्रयोग, गंधद्रव्ये, गुणसूत्रे आणि डीएनए असे सर्व पुरावे एकत्र ठेवल्यावर ती आपली बॅक्ट्रोसेरा डॉर्सालिसच ठरली आणि २०१५ मध्ये ते नाव मागे घेण्यात आले. तिथे डोळ्यांनी दोन दाखवल्या, प्रत्यक्षात एकच होती. निर्यातीच्या आंब्यासाठी कोणत्या देशात कोणती कीड आहे याला महत्त्व असल्यामुळे हा निर्णय केवळ तज्ज्ञांच्या वर्तुळापुरता नव्हता.

आणि मग कोलंबियातील बोगोटा. सुमारे २,६०० मीटर उंचीवरच्या या पठारी प्रदेशात स्यूडोऑब्स्क्युराची एक वस्ती आहे, मुख्य प्रदेशापासून दोन हजारांहून अधिक किलोमीटर तुटलेली. दिसायला माशी तीच. बोगोटाची मादी आणि अमेरिकेतील नर यांचा संकर केला तर मुलगे वंध्य निघतात. उलट बाजूने, अमेरिकेतील मादी आणि बोगोटाचा नर असा केला तर मुलगे प्रजननक्षम असतात. अर्धी भिंत उभी आहे, अर्धी नाही. १९७४ मध्ये अयाला आणि डोब्झान्स्की यांनी तिला बोगोटाना ही उपप्रजाती ठरवले, आणि माझ्या मते हा निर्णय योग्य होता, कारण त्यात अर्धवट स्थितीला अर्धवटच नाव मिळाले.

मिरांडाबद्दल थोडक्यात. १९३५ मध्ये डोब्झान्स्की यांनी वर्णन केलेली ही माशी गुणसूत्रे मोजूनच वेगळी काढता येते : तिच्यात तिसरे गुणसूत्र वाय गुणसूत्राला जोडले गेले आहे, त्यामुळे मादीला दहा आणि नराला नऊ गुणसूत्रे असतात. इतकी सोपी खूण या गटात दुसरी नाही.

आमच्याकडे लेबल लिहिण्याची पद्धत या सगळ्यामुळे जरा लांबट झाली आहे. मादीपासून वाण तयार झाला असेल आणि अळीची काचपट्टी वाचली असेल, तर प्रजातीचे नाव आणि पुढे ‘लाळग्रंथी, एक्स डावी भुजा व दुसरे गुणसूत्र’ असे लिहिले जाते. नर जननेंद्रियांवरून ओळखला असेल तर तसे, आणि ओळखणाऱ्याची आद्याक्षरे. डीएनएवरून ओळख पटली असेल तर कोणत्या भागावरून, हे लिहिल्याशिवाय नमुना फ्रीझरमध्ये जात नाही. अंडी न घालताच मेलेल्या रानातल्या मादीच्या लेबलवर ‘स्यूडोऑब्स्क्युरा किंवा पर्सिमिलिस’ एवढेच असते, सोबत ठिकाण, उंची, तारीख आणि सकाळ की संध्याकाळ. १९४४ पूर्वीच्या, नुसते ‘स्यूडोऑब्स्क्युरा’ लिहिलेल्या टाचणीवरच्या माद्यांनाही आम्ही याच रकान्यात ठेवतो. कोणाला त्यांचा निकाल लावायचा असेल तर एक पाय काढून द्यावा लागेल, आणि त्यासाठी संग्रहपालाची लेखी परवानगी लागते.